साडेसहा हजार साड्यांचे फोटो वेबसाइटसाठी लहान करायचेत, पण रंग जाऊ द्यायचा नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच कळेल. मुंबईत हिंदमाताजवळ तुमचं साड्यांचं दुकान आहे. भाच्याने वेबसाइट करून दिली. कॅमेऱ्याने काढलेले साडेसहा हजार फोटो आहेत, एकेक सात-आठ एमबीचा, मिळून ४८ जीबीच्या आसपास. ते तसेच अपलोड करायला घेतले तर मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. मग इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर वीस-वीस फोटो टाकून लहान करून पाहिले, तर राणी रंगाच्या पैठण्या विटक्या दिसायला लागल्या. आता तुम्हाला असं सॉफ्टवेअर हवंय, जे क्वालिटी न घालवता सगळे फोटो एकदम १०० केबीच्या आत बसवेल.

सॉफ्टवेअरचं पुढे सांगतोच. पण अठरा वर्षं परळला बसून मी कॅटलॉगच्या फोटोंचंच काम करतोय, दागिने, कपडे, भांडी, आणि त्या अनुभवावरून सांगतो की नुसतं सॉफ्टवेअर बदलून तुमची अडचण सुटणार नाही. वजन आणि रंग हे दोन वेगळे आजार आहेत. तुम्ही एकाचं औषध घेतलंत आणि त्यातून दुसरा उद्भवला.

आधी वजन. तुमचा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचा, एकूण २४ मेगापिक्सेलचा असणार. गिऱ्हाइकाच्या साध्या अँड्रॉइड फोनचा पडदा आडवा मोजला तर बहुधा १०८० ठिपक्यांचा. म्हणजे ४००० ठिपके पाठवायचे आणि फोनने त्यातले तीन चतुर्थांश फेकून द्यायचे. बरं, फाइल कितीही दाबून लहान केली तरी दाखवण्यापूर्वी फोनला ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट जागा लागते. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो फोनच्या मेमरीत सुमारे ९६ एमबी खातो, मग फाइल आठ एमबीची असो की ८०० केबीची. अशा वीस साड्या एका पानावर ठेवल्या की स्वस्तातला फोन गुदमरतोच. हाच फोटो १२०० बाय १८०० केला की पिक्सेल अकराव्या हिश्श्यावर येतात आणि मेमरीतली जागा नऊ एमबीच्या आत. म्हणून आधी पिक्सेल कमी करायचे, केबीचा विचार त्यानंतर. ‘ऑप्टिमाइझ’ची बटणं देणारी कित्येक साधनं मापाला हातच लावत नाहीत, नुसती फाइल पिळतात. खरोखर काहीही न गमावता फाइल पिळली तर जेमतेम पाच-दहा टक्के सुटतात. बाकी सगळी बचत मापात आहे.

तुमच्यासाठी मी तीन मापं काढेन. यादीच्या पानावर दोन-दोन साड्या शेजारी दिसतात, तिथे ६०० पिक्सेल रुंदी पुरते. साडीच्या स्वतःच्या पानावर १२००. आणि बोटाने मोठं करून काठ-पदर पाहायचा असेल तेव्हाच उघडणारा २००० चा. हे तिसरं माप गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय फोनवर उतरताच कामा नये. अर्थात हे तुमची साइट कशावर चालते यावर अवलंबून आहे. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवणारं तयार सॉफ्टवेअर, असेल तर ते प्रत्येक फोटोची अनेक मापं स्वतःच करतं, आणि २०१९ पासून २५६० पेक्षा मोठा फोटो आपणहून खाली आणतं. अशा वेळी तुम्ही फक्त २००० चा एकच चांगला फोटो द्यायचा. तीन-तीन मापं करून चढवलीत तर ते प्रत्येकाची आणखी पिल्लं करेल आणि होस्टिंगची जागा बघता बघता भरेल.

आता १०० केबीची अट. ती सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगेन. साध्या पांढऱ्या सुती साडीला ६० केबी पुष्कळ होतात. भरगच्च जरीच्या पदराला १२०० च्या मापात ३०० केबीही कमी पडू शकतात, कारण जेपेग, म्हणजे फोटोच्या फाइलीचं नेहमीचं स्वरूप, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र साठवतं आणि ज्या चौकोनात बारकावे जास्त, तिथे जागा जास्त लागते. सगळ्यांना एकच वजन लावलंत तर सुती साडी उगाच जड होईल आणि पैठणीच्या पदरावर चौकटी उठतील. म्हणजे नेमका जो माल महाग, त्याचंच नुकसान. वजन नव्हे, जतन करताना निवडायचा क्वालिटीचा आकडा सगळ्यांना समान ठेवा. माझ्या कामात तो ७८ ते ८२ च्या दरम्यान असतो. नव्वदच्या पुढे गेलात की फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्याला फरक फारसा कळत नाही. फक्त एका सॉफ्टवेअरमधला ८० आणि दुसऱ्यातला ८० सारखेच असतील असं धरू नका, प्रत्येकाचं मोजमाप निराळं असतं.

आता रंगाकडे वळतो, कारण तुमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. गिऱ्हाइकाने राणी रंग पाहून पैसे भरले आणि घरी कांद्याच्या सालीचा रंग आला, तर साडी परत येते आणि विश्वासही जातो.

पैठण्या विटक्या का झाल्या असतील? मूळ फोटोंच्या फाइलींची नावं बघा. नावाची सुरुवात अंडरस्कोअरने, म्हणजे खालच्या आडव्या रेघेने होतेय का? कॅनन आणि निकॉनचे कॅमेरे फोटो ॲडोबी आरजीबी या रंगक्षेत्रात, म्हणजे रंगांच्या एका ठरलेल्या मोजपट्टीत, काढायला लावलेले असले की नावापुढे ती रेघ टाकतात. वेबसाठी ठरलेलं रंगक्षेत्र मात्र एसआरजीबी. ॲडोबी आरजीबीचा आवाका मोठा, त्यामुळे तोच आकडा तिथे जास्त गडद रंग सांगतो. फाइलीत एक छोटी चिठ्ठी असते, कलर प्रोफाइल, जी म्हणते की हे आकडे अमुक पद्धतीने वाचा. तुम्ही वापरलेल्या साइटने केबी वाचवायला बहुधा ती चिठ्ठीच फाडून टाकली. मग ब्राउझरने आकडे एसआरजीबी समजून वाचले आणि रंग फिका पडला. आयफोनने काढलेल्या फोटोंचंही असंच होतं, ते डिस्प्ले पी३ नावाच्या रंगक्षेत्रात असतात. उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा: आधी आकडे एसआरजीबीत बदलून घ्यायचे, चिठ्ठी काढायची असेल तर त्यानंतर. कॅमेऱ्याच्या मेनूतलं कलर स्पेसही आजच एसआरजीबीवर आणून ठेवा, म्हणजे पुढच्या मालाला हा त्रास नको.

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे, आणि साड्यांचं काम करणाऱ्याने ती एकदा तरी डोळ्याने पाहावी. माझ्याकडे एक लाल पैठणी आली होती, पदरावर हिरव्या मुनिया आणि त्यांच्या लाल चोची. लहान केलेल्या फोटोत एक चोच जेमतेम तीन पिक्सेलची उरली. जतन करून उघडला तर चोच लाल नव्हती, मातकट तपकिरी झाली होती. आकार जागेवर, उजेड-सावली जागेवर, गेला फक्त रंग. याचं कारण असं की जेपेग करताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा ठेवतं, पण रंग मात्र चार पिक्सेलमागे एकच ठेवतं. डोळ्याला रंगाचे बारकावे कमी कळतात, या हिशेबावर ते चालतं. माणसांच्या, डोंगरांच्या फोटोंत तो हिशेब बरोबर बसतो. लाल-हिरव्याच्या तीन पिक्सेलच्या सीमेवर बसत नाही, दोन्ही रंग एकमेकांत कालवले जातात. या कपातीला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात. सेटिंगमध्ये ४:२:० म्हणजे कपात आहे, ४:४:४ म्हणजे नाही. तुमच्या १२०० आणि २००० च्या मापांना ४:४:४ ठेवा. फाइल थोडी वाढेल, वाढू द्या. ६०० च्या मापात चोच तशीही दिसत नाही, तिथे ४:२:० चालतं.

जेपेगऐवजी वेबपी हे फाइलीचं नवं स्वरूप घ्यावं का, याचंही उत्तर यावरूनच येतं. गूगलचं हे स्वरूप २०१० पासून आहे, २०२० मध्ये सफारी या ॲपलच्या ब्राउझरनेही ते घेतलं, आता सगळीकडे चालतं आणि जेपेगपेक्षा फाइल लहान करतं. पण वेबपीच्या नेहमीच्या दाबलेल्या प्रकारात रंगाची ही कपात सक्तीची आहे, ती बंद करता येत नाही. म्हणून साड्यांसाठी मी यादीचे छोटे फोटो वेबपीत देतो आणि मोठे जेपेगमध्येच ठेवतो. एव्हीआयएफ या त्याहून नव्या स्वरूपात पूर्ण रंग ठेवता येतो आणि फाइलही छान लहान होते, पण तयार व्हायला वेळ बराच लागतो, आणि सफारीत ते २०२२ पासूनच आलंय. तुमची घडी एकदा बसू द्या, मग त्याकडे वळा.

लहान करताना जरीचं एक पथ्य आहे. जरीच्या समांतर बारीक तारा एकदम लहान केल्या की त्यांतून लाटा उमटल्यासारख्या दिसतात, जणू कापडावर पाण्याचे तरंग आहेत. माप बदलण्याची पद्धत विचारली तर लँक्झोस निवडा. सगळ्यात जलद म्हणून दिलेली ‘निअरेस्ट’ कधीच घेऊ नका. लहान केल्यावर फोटो किंचित मऊ पडतो, म्हणून धार, म्हणजे शार्पन, द्यावी लागते, पण अगदी हलक्या हाताने. जास्त झाली की जरीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसतात आणि अस्सल जर नकली वाटायला लागते.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो: फोटो सरळ उभा करणे, रंग एसआरजीबीत आणणे, माप लहान करणे, हलकी धार, जतन, आणि सगळ्यात शेवटी फाइलीतली इतर माहिती पुसणे. सरळ उभा करणं आधी का, तर उभ्या धरलेल्या कॅमेऱ्याचा फोटो बहुधा आडवाच साठवलेला असतो आणि ‘मला फिरवून दाखवा’ एवढी नोंद सोबत असते. माहिती आधी पुसली की ती नोंदही जाते आणि निम्म्या साड्या आडव्या झोपतात. पुसणं मात्र गरजेचं आहे, कारण फोनने घरी काढलेल्या फोटोंत घराचं अचूक ठिकाणही असू शकतं.

साधनं. कमांड लिहायची नसेल तर एक्सएनकन्व्हर्ट घ्या. वर सांगितलेला क्रम त्यात पायऱ्या म्हणून लावता येतो आणि जतन करून पुन्हा वापरता येतो. विंडोजवर इरफानव्ह्यूही आहे, १९९६ पासूनचं, हलकं आणि भरवशाचं. मात्र ही दोन्ही घरगुती वापरासाठीच फुकट आहेत. तुमचं दुकान आहे, तेव्हा परवाना विकत घ्या, फार महाग नसतो. तुमचा फोटोग्राफर लाइटरूम हे ॲडोबीचं फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याच्याकडूनच एक्सपोर्ट करून घेणं सगळ्यात सोपं. भाच्याला कमांड जमत असेल तर इमेजमॅजिक उत्तम, धंद्यासाठीही मोफत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. इमेजमॅजिकमधली मॉग्रिफाय ही कमांड, वेगळा फोल्डर सांगितला नाही तर मूळ फाइलीवरच नवी फाइल लिहिते. २०११ मध्ये मी दागिन्यांच्या ११४० फोटोंवर ती तशीच चालवली. दहा मिनिटांत सगळे फोटो ८०० पिक्सेलचे झाले आणि मूळ एकही उरला नाही. वेबसाइटचं काम निभावलं, पण चार महिन्यांनी छापील कॅटलॉग करायचं ठरलं आणि सगळे दागिने तिजोरीतून काढून पुन्हा फोटो काढावे लागले. तो खर्च मी भरला. तेव्हापासून माझा नियम आहे की मूळ फोटोंचा फोल्डर आधी ‘फक्त वाचण्यापुरता’ करायचा, त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, आणि मगच पहिलं बटण दाबायचं. तुमच्या बाबतीत आणखी एक जोडतो: ती दुसरी डिस्क दुकानात ठेवू नका. हिंदमाताला पावसात किती पाणी तुंबतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. घरी ठेवा, वरच्या मजल्यावर.

आता साडेसहा हजारांना एकदम हात घालायचा नाही. आधी वीस फोटो निवडा, आणि चांगले नव्हे, अवघड निवडा. काळी चंद्रकळा, कारण काळ्यात चौकटी लवकर उठतात. मोतिया किंवा पांढरी साडी, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीत तिची कड हरवते. राणी, लाल, पोपटी. धूपछाँवी. भरजरी पदर. नारळी काठाची एखादी, कारण त्या टोकांवर पायऱ्या पडल्या तर लगेच दिसतात. हे वीस फोटो सगळ्या पायऱ्यांतून काढा, दोन फोनवर घ्या, एक आयफोन आणि एक दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड, आणि दुकानाच्या दाराशी दिवसाच्या उजेडात खऱ्या साडीशेजारी धरून बघा. ट्यूबलाइटखाली नको. तुमच्या दुकानात रोज साडी उलगडणारी जी माणसं आहेत त्यांना दाखवा. माझा डोळा आकड्यांना सरावलाय, रंगातला फरक त्यांना माझ्या आधी कळेल. वीस पटले की २००, आणि मगच सगळे.

नावांकडे मात्र मोठी बॅच सुरू करण्याआधीच लक्ष द्या. कॅमेऱ्याचा आकडा चार अंकी असतो, ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. वेगवेगळ्या दिवसांचे फोल्डर एकत्र केलेत की एकाच नावाचे दोन फोटो येणार आणि एक दुसऱ्याला गिळणार. तुमच्या स्टॉकच्या वहीतला साडीचा नंबर हेच फाइलीचं नाव करा, पुढे काठ, पदर, अंग असं जोडा. नाव रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये स्पेस न सोडता. देवनागरीत ठेवावंसं वाटतं, मलाही वाटतं, पण पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन अक्षरं होतात. ‘पैठणी’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर ती गिचमिड पाहून गिऱ्हाईक दचकतं. मराठी लिहायची हौस फोटोच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोसोबत कोडमध्ये दिलेल्या वर्णनात, भागवा: ‘राणी रंगाची येवला पैठणी, नारळी काठ, मुनियांचा पदर’. सर्च इंजिन ते वाचतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की विणकरांकडून आलेले काही फोटो फक्त व्हॉट्सॲपवर आहेत. ते आधीच लहान होऊन, दाबून आलेले असतात, लांब बाजू साधारण १६०० च्या आसपास. त्यांना मोठं करू नका, ६०० आणि जमलं तर १२०० च्या मापापुरते वापरा. विणकरांना पुढच्या वेळी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल येते.

भाच्यासाठी दोन ओळी. प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची पानाच्या कोडमध्ये लिहायची, म्हणजे फोटो येताना पान उड्या मारत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावायचं, म्हणजे गिऱ्हाईक तिथवर सरकल्यावरच ते उतरतात, पण वरच्या पहिल्या तीन-चारांना लावायचं नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी रिकामे चौकोन दिसतात. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची कसोटी आहे. ती दुकानातल्या वायफायवर तपासू नका. संध्याकाळी सातच्या गर्दीत दादरहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये साइट उघडून बघा. गाडीत हजारो फोन एकाच टॉवरवर ताण देत असतात, आणि तुमची बरीच गिऱ्हाइकं साडी तिथेच, उभ्या उभ्या बघणार आहेत.

वेळेचं म्हणाल तर साध्या लॅपटॉपवर एका फोटोला एका मापासाठी सेकंद-दोन सेकंद धरा. तीन मापांत साडेसहा हजार म्हणजे रात्रभराचं काम. लॅपटॉप मध्येच झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि चार्जर लावून ठेवा. सकाळी आधी मोजणी: आत किती फाइली होत्या, बाहेर किती आल्या. आकडा जुळत नसेल तर अडकलेले फोटो शोधून काढा. मग आकाराप्रमाणे क्रम लावून सगळ्यात लहान पन्नास आणि सगळ्यात मोठ्या पन्नास फाइली उघडून बघा, गडबड असली तर बहुधा तिथेच सापडते. माझ्या अंदाजाने ४८ जीबीचे तिन्ही मापं मिळून पाच-सहा जीबी होतील.

साइट वर्डप्रेसवर आहे की दुसऱ्या कशावर, आणि फोटोंची नावं रेघेने सुरू होतात का, एवढं कळवा. रेघ नसेल तर रंग फिका पडण्याचं कारण दुसरं काही असेल, आणि मग मला त्यातला एक मूळ फोटो आणि त्याचीच विटलेली प्रत शेजारी ठेवून बघावी लागेल.